खिशातली साखर

भावोजी कामावर सभ्यपणे बोलायला लागले की मी हातातलं काम टाकतो. एरवी मी त्यांच्यासाठी गाढव, टोणगा, आणि मूड अगदीच चांगला असेल तर 'ताईचं लाडावलेलं ध्यान' असतो. पाना वेळेवर दिला नाही की माझ्या अकलेचा उद्धार होतो, दिला तर तो चुकीच्या मापाचा का दिला म्हणून होतो. मला त्याचं काही वाटत नाही. लिफ्टदुरुस्ती त्यांनीच मला शिकवली आणि शिव्या हा त्या शिक्षणाचाच भाग होता. पण मध्येच थांबून ते म्हणाले, "आपण जरा तो टॉर्च इकडे धरता का?" की मी ओळखतो, यांची साखर उतरली.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला थट्टाच वाटली. मीही "धरतो की महाराज" म्हणून टॉर्च धरला. उजेडात पाहिलं तर माणूस घामाने निथळतोय, हात कापतोय आणि बोल्ट घट्ट करायच्या ऐवजी सैल करतोय. त्यांनी कसाबसा खिशात हात घातला, हॉटेलात चहाबरोबर मिळतात तशा साखरेच्या पुड्या काढल्या, फाडून तोंडात ओतल्या आणि भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळाने डोळे नीट झाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय बघतोस टोणग्या? काम कोण करणार, तुझा बाप?" तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मग त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं होतं आणि घरी ताईने जेवण कमी केलं होतं. दोन्ही बाजूंनी दाबल्यावर साखर कधीकधी नको तेवढी खाली जायची. डोक्यात धुकं भरतं, म्हणाले, काही सुचत नाही. आणि लगेच दम भरला, "ताईला एक अक्षर बोलायचं नाही. कंपनीत तर नाहीच नाही."

कंपनीचं मला समजत होतं. ज्याला चक्कर येते त्याला शाफ्टमध्ये, लिफ्टच्या त्या उभ्या बोळात, पाठवत नाहीत आणि ते बरोबरच आहे. भावोजींना स्टोअरला बसवलं असतं, खोकी मोजायला. ते म्हणायचे, "त्यापेक्षा मेलेलं बरं." मी म्हणालो, "वरून पडलात तर तेही जमून जाईल." हसले, पण हट्ट सोडला नाही. एकीकडे सख्खी बहीण, दुसरीकडे तिचा नवरा आणि माझा गुरू. इकडे आड तिकडे विहीर, आणि मी काठावर तोंडावर बोट ठेवून उभा.

ताईला का सांगायचं नाही, हे कळायला आमच्या वडिलांबद्दल सांगावं लागेल. बाबांनाही हाच आजार होता आणि त्यांच्या कोटाच्या खिशात कायम काहीतरी गोड लपवलेलं असायचं. आई बोलायची नाही. "जाऊ दे, खाऊ दे, माणसाने जगायचं तरी कशासाठी," म्हणायची. आधी बोट गेलं, मग गुडघ्यापर्यंत पाय, मग डोळे. जखमेची पट्टी बदलायचं काम ताईकडे होतं. तेव्हा ती शाळेत होती. पट्टी बदलून हात धुऊन अभ्यासाला बसायची. बाबा गेले तेव्हा सगळे रडले, ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "खिसे तपासायला हवे होते मी."

अशा मुलीच्या नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये साखर निघाल्यावर दुसरं काय होणार? युद्धच पुकारलं तिने. ओट्यावर वजनकाटा आला. भात मोजून, फळ मोजून, बिस्किटाचा तर फोटोही घरात नाही. पण एक कबूल करायला हवं, जे नियम त्यांना, तेच तिने स्वतःला लावले. तिला चहात दोन चमचे साखर लागायची. त्या दिवसापासून जी सोडली ती सोडली. भावोजी म्हणायचे, "साखरेचं खाणार त्याला देव देणार म्हणतात. मला देवाने तुझी बहीण दिली, म्हणून खाणं बंद."

आणि मग हॉस्पिटलात ते संशोधन निघालं. मधुमेह विभागात मानसशास्त्राच्या एक बाई आल्या होत्या. त्यांना बघायचं होतं की रुग्णाला एकट्याला शिकवणं चांगलं, की घरच्या माणसासकट शिकवणं चांगलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडले. भावोजी घरच्यांसकटवाल्या गटात पडले. "नशीबच फुटकं," म्हणाले. बाईंना सगळे प्रश्नबाई म्हणायचे, कारण त्या सल्ला द्यायच्या आधी प्रश्न विचारायच्या आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलायच्या नाहीत. आमच्या घराण्यात असं कुणी पाहिलेलं नव्हतं.

वर्ग एका शनिवाराआड सकाळी भरायचा. आधी रुग्ण एका खोलीत नर्सबरोबर, घरचे शेजारच्या खोलीत प्रश्नबाईंबरोबर. नंतर सगळे एकत्र. घरच्यांच्या खोलीत बाईंचा एकच मोठा धडा होता. टोकू नका. सतत टोकलं की माणूस सुधारत नाही, लपवायला शिकतो. त्याला बदलायला जाऊ नका, त्याच्या हाताशी जे असतं ते बदला. एखादी गोष्ट नुसती काढून घेऊ नका, तिच्या जागी दुसरी चालेल अशी ठेवा. हे मला कसं माहीत? ताई प्रत्येक धडा फोनवर मला म्हणून दाखवायची. ऐकून ऐकून मलाही हा आजार होईल असं वाटायला लागलं होतं.

पण ताई बदलली. खरोखर बदलली. ताटावरून बोलणं बंद, "कुठे काय खाल्लंत" बंद. घरात एवढी शांतता झाली की भावोजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या ताईला बरं नाही का रे?" मी म्हणालो, ती तुमच्याशी चांगलं वागतेय. "तेच तर," ते म्हणाले, "भीती वाटते."

त्यांची तीन महिन्यांची साखरेची सरासरीही सुंदर आली. डॉक्टर खूश, बाई खूश, ताई तर हवेत. साखर मधूनमधून तळाला जात होती म्हणून ती सरासरी एवढी सुंदर आली, हे फक्त भावोजींना आणि मला माहीत होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत काम निघालं. लिफ्टच्या दाराचे रोलर बदलायचे होते. असं काम केबिनच्या टपावर उभं राहून करतात. टपावर एक छोटी पेटी असते, तिच्यावरचं बटण दाबून धरलं तेवढा वेळच केबिन हळूहळू सरकते. बटण सोडलं की जागच्या जागी थांबते. भावोजी टपावर होते, पट्टा कमरेला, पट्ट्याचा हूक वरच्या लोखंडी पट्टीत अडकवलेला. मी वरच्या मजल्यावर दार किल्लीने उघडून काठावर बसलो होतो आणि हत्यारं खाली देत होतो. सकाळपासून त्यांनी मला चार-पाच नवीन शिव्या घातल्या होत्या. सगळं ठीक चाललं होतं.

मग खालून आवाज आला, "आपल्याला तिथे थंडी तर वाजत नाही ना?"

"पुडी काढा," मी म्हणालो. "आत्ता काढा."

त्यांनी ऐकलं. खिशातून पुडी काढली, फाडली, तोंडात टाकली. मग दुसरी. गोड लागत असावं, कारण त्यांनी मान डोलावली आणि पेटीला टेकून बसले. मी निर्धास्त झालो आणि रोलर पुसायला घेतला. दरवेळी एवढ्यात माझ्या बापाचं नाव निघायचं. निघालं नाही. वाकून बघतो तर त्यांनी उरलेल्या पुड्याही खाल्ल्या होत्या, शर्ट घामाने अंगाला चिकटला होता आणि ते शांतपणे हूक सोडवत होते.

"काय करताय भावोजी?"

"जरा गरम होतंय. आपण काळजी करू नका."

केबिन आणि मागची भिंत यांच्यात जी फट असते तिच्यातून वजनाचे लोखंडी ठोकळे वरखाली जातात. माणूस सहज मावतो तिथे. भावोजी त्याच बाजूला सरकत होते. मी उडी मारली. कमरेएवढीच उंची होती. एका हाताने त्यांची कॉलर धरली, दुसऱ्याने पेटीवरचं बटण दाबलं. केबिन मुंगीच्या पावलांनी वर निघाली. टप मजल्याला टेकल्यावर मी त्यांना ओढून बाहेर कॉरिडॉरमध्ये आडवं केलं आणि "साखर! साखर आणा कुणीतरी!" असं बोंबललो.

एका ऑफिसातून एक बाई धावत आली. हातात फळांच्या रसाचा डबा होता, मागून तिने साखरेची बरणीच आणली. नशिबाने भावोजींना गिळता येत होतं. मी थोडा थोडा रस पाजत गेलो. किती वेळ गेला मला माहीत नाही. ती बाई त्यांचे तळवे चोळत होती. शेवटी त्यांचे डोळे माझ्यावर टिकले.

"कॉलर सोड टोणग्या, फाटेल."

मी रडलो. सरळ सांगतो, कॉरिडॉरमध्ये बसून लहान पोरासारखा रडलो आणि त्या ऑफिसातल्या बाईने मलाही रस दिला.

नंतर खाली चहाच्या टपरीवर बसलो तेव्हा मी टपावरून गोळा केलेल्या रिकाम्या पुड्या त्यांच्यासमोर ठेवल्या. पांढऱ्या, निळी रेघ, नेहमीच्याच. पण बारीक अक्षरात छापलं होतं, 'शून्य कॅलरी. मधुमेहींसाठी उत्तम.' साखर नव्हतीच ती. चहात गोडीपुरती टाकतात ती पावडर. जिभेला साखर, रक्ताला माती. भावोजी बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. नव्या पुड्या जुन्या वाटाव्यात म्हणून कुणीतरी त्या मुद्दाम चुरगाळल्याही होत्या.

कोणी, हे विचारायची गरज नव्हती. कामाचे कपडे धुवायला टाकताना खिसे तपासणारी माणसं आमच्या ओळखीत एकच. तिला पुड्या सापडल्या, तिला बाबांचा कोट आठवला. पण टोकायचं नव्हतं. काढून घ्यायचं नव्हतं. जागी दुसरं ठेवायचं होतं. प्रेमाने, गुपचूप, नवऱ्याचा अपमान होऊ न देता तिने ते ठेवलं होतं.

माझं डोकं फिरलं. "मी आत्ता जाऊन सांगतो तिला."

भावोजींनी माझं मनगट धरलं. "नाही सांगायचं."

"अजून नोकरीचीच पडलीय तुम्हाला?"

"नोकरी गेली चुलीत," ते म्हणाले. "अरे, बापाचे खिसे तपासले नाहीत म्हणून ती स्वतःला दोष देते. आता खिसे तपासले म्हणून मी मरता मरता वाचलो, हे तिला कळलं तर? ती परत उभी राहायची नाही. तिच्या पुड्या राहू देत माझ्या खिशात, तिला बरं वाटेल. खरी साखर तू ठेव तुझ्याजवळ."

"आणि मी नसेन तेव्हा?"

त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, चल, रोलर अर्धेच बसलेत. मी त्यांना वर जाऊ दिलं नाही. उरलेलं काम मी केलं आणि ते खालून शिव्या देत राहिले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता आणि तेवढीच दयाही. स्वतःचा जीव टांगणीला लावून बायकोचं मन राखणारा माणूस शहाणा की मूर्ख, माझं अजून ठरलेलं नाही.

पुढच्या शनिवारी गाडी मी चालवली. भावोजींना चालवू देणार नव्हतो आणि कारण ताईला सांगता येत नव्हतं, म्हणून म्हणालो की मलाही वर्ग बघायचाय. ताईला केवढा आनंद झाला! एकत्र वर्गाच्या वेळी मला मागे भिंतीशी खुर्ची मिळाली. खिसे साखरेने फुगलेले. खोली साधी होती, गोल मांडलेल्या खुर्च्या, टेबलावर पाण्याचा जग, भिंतीवर पावलांचं मोठं चित्र.

त्या दिवशी प्रत्येक घरच्या माणसाने जमलेली एक गोष्ट सांगायची होती. कुणी संध्याकाळी बरोबर फिरायला जायला लागलं होतं, कुणी सुया टोचताना बाहेर न जाता शेजारी बसायला शिकलं होतं. मग ताई उभी राहिली. चांगली साडी नेसून आली होती. तिने सगळं सांगितलं. खिशात पुड्या सापडल्या, आधीची मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं, पण बाईंचं ऐकलं, एक शब्द न बोलता त्यांच्या जागी बिनसाखरेच्या ठेवल्या. "यांना आजपर्यंत पत्तासुद्धा नव्हता," असं म्हणून भावोजींकडे बघून हसली. तिला इतकं हसताना मी बऱ्याच वर्षांनी पाहत होतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक निवृत्त पोस्टमास्तर सपत्नीक यायचे. त्यांची बायको लगेच पुटपुटली, "मी आजच करते हे."

प्रश्नबाईंनी टाळी वाजवली नाही. त्यांनी विचारलं, "त्यांनी पुड्या कशासाठी ठेवल्या होत्या, हे तुम्ही विचारलंत का?"

"विचारायचं कसं?" ताई म्हणाली. "टोकायचं नाही असं तुम्हीच सांगितलंत ना!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या भावोजींकडे वळल्या. "मग तुम्हीच सांगा. कशासाठी होत्या?"

मी खुर्चीतून अर्धा उठलो. भावोजींनी मान खाली घातली, मग वर केली आणि लाजल्याचं सोंग करून म्हणाले, "चोरून खायला, दुसरं काय. सापडलो."

पुन्हा हशा पिकला. ताईने मायेने त्यांच्या दंडावर चापट मारली. झालं, म्हटलं, निभावलं. चोर ठरले, पण बायको वाचली. मी खाली बसलो, आणि तेवढ्यात माझी नजर पोस्टमास्तरांवर गेली. त्यांचा चेहरा पडला होता आणि हात कोटाच्या खिशावर गच्च दाबलेला होता. भावोजींनीही ते पाहिलं. मला दिसत होतं, ते पाहत होते. खिशावरचा तो हात आणि शेजारी बसलेली, आजच करते म्हणणारी बायको.

भावोजी उभे राहिले.

"थांबा. खोटं बोललो मी. ती साखर चोरीची नव्हती, औषध होती. माझी साखर मध्येच उतरते. फार उतरते. मग ती खाल्ली नाही तर माणूस राहत नाही." मग पोस्टमास्तरांच्या बायकोकडे वळून म्हणाले, "वहिनी, यांच्या खिशातलं काही बदलू नका. आधी विचारा. मी परवा लिफ्टच्या टपावर होतो. पुड्या खाल्ल्या, गोड लागल्या, आणि काही झालंच नाही. हा पोरगा नसता तर आज मी इथे नसतो."

ताई उभीच होती.

"तुम्ही वर होतात?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक. "आणि खिशातली... माझी पुडी खाल्लीत?"

"तुझी चूक नाही," भावोजी म्हणाले. "मी तुला सांगितलंच नव्हतं. मग तू काय समजणार? दुसरी कुठलीही बायको असती तर नुसत्या फेकून दिल्या असत्या. तू निदान गोड तरी ठेवल्यास."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?" मी हो म्हणून मान हलवली. ती मग खाली बसली आणि म्हणाली, "मला वाटलं, बाबांसारखंच..." आणि बाबा गेले तेव्हा न रडलेली माझी बहीण त्या परक्या लोकांत हुंदके देऊन रडली. भावोजींनी खिशातून रुमाल काढून दिला. ग्रीसने माखलेला. तिने तोच तोंडावर धरला.

प्रश्नबाई उठून तिच्याजवळ येऊन बसल्या. रडणं ओसरल्यावर म्हणाल्या, "साखर उतरते तेव्हा काय करायचं, हे नर्स त्या खोलीत सांगते. या खोलीत मी ते सांगितलं नाही. मी फक्त तुमचं बोलणं कमी करायच्या मागे होते. तुम्ही मी सांगितलं तसंच वागलात, जरासुद्धा चुकला नाहीत. म्हणून तर हे झालं. आजपासून दोन्ही खोल्या एक." दाराशी उभा असलेला त्यांचा मदतनीस हळूच म्हणाला, "पण असं केलं तर संशोधन बिघडेल." बाई म्हणाल्या, "बिघडू दे."

मग त्यांनी प्रत्येक रुग्णाला सांगायला लावलं की साखर उतरली की आपलं काय होतं. पोस्टमास्तर म्हणाले, मला ओठ बधिर वाटतात. त्यांच्या बायकोने हे पहिल्यांदाच ऐकलं आणि ती त्यांच्यावर रागावली, पण वेगळ्या रागाने. भावोजींची पाळी आली तर त्यांना सांगताच येईना. डोक्यात धुकं असल्यावर आपलं काय होतं हे आपल्याला कुठून कळणार? मागे वळून म्हणाले, "काय होतं रे मला?"

"तुम्ही सभ्य होता," मी म्हणालो. "मला आपण म्हणता."

खोलीभर हसू फुटलं. ताई रुमालाआडून म्हणाली, "मग घरी कधी उतरली नाही वाटतं." तिला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याच दिवशी डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केलं आणि ताटातलं जेवण वाढवलं. सोमवारी भावोजींनी स्वतः साहेबांना सांगितलं. ताईने फोन केला नाही, "तुमचं तुम्ही बोला" म्हणाली, आणि तिला हे किती जड गेलं ते मला माहीत आहे. साहेबांनी त्यांना शाफ्टमधून काढून वर्कशॉपमध्ये लिफ्टच्या मोटारी दुरुस्त करायला बसवलं. डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय वर नाही. भावोजी तिथे सगळ्यांना शिव्या देत असतात, असं ऐकतो. मी सध्या दुसऱ्या एका माणसाबरोबर काम करतो. तो दिवसभर माझ्याशी सभ्य बोलतो आणि मी दिवसभर दचकत असतो. ताईने माझ्याशी बरेच दिवस अबोला धरला होता. तो मला मिळायलाच हवा होता.

पण त्या शनिवारचं एक राहिलं. सगळ्यांचं सांगून झाल्यावर बाईंनी कँटीनमधून खऱ्या साखरेच्या पुड्या मागवल्या आणि म्हणाल्या, आता हात बसला पाहिजे. बेशुद्ध असलेल्याच्या तोंडात काही घालायचं नाही, तिथे मदत बोलवायची. पण जागा असेल, गिळत असेल, तर वेळ घालवायचा नाही, विचारत बसायचं नाही. जोडीजोडीने सराव करा. वर्ग लांबला होता, जेवणाची वेळ टळत आली होती. नर्सने भावोजींचं बोट टोचून पाहिलं आणि म्हणाली, खाली यायला लागलीय, यांना खरंच द्या.

ताईने पुडी घेतली. ती तिला फाडता येईना. इतकी वर्षं तिने साखरेचा दाणा या माणसाच्या तोंडापर्यंत पोहोचू दिला नव्हता. एकदा कोपरा निसटला, एकदा पुडीच खाली पडली. मी उठून मदतीला जाणार होतो, पण बाईंनी हातानेच थांबवलं. भावोजी, एवढा फटकळ माणूस, पण तोंड उघडून लहान मुलासारखा नुसता तिच्याकडे बघत बसला. शेवटी तिने दातांनी पुडी फाडली, तळहातावर साखर ओतली आणि चिमटी चिमटीने त्यांना भरवली. पुडी संपली. तिने त्यांच्या ओठाला चिकटलेले दाणे पुसले.

"पुरे, का अजून?" तिने विचारलं.

भावोजींनी अजून मागितली.